सोवळ्यातलं गाणं

१९५२ साली 'बैजू बावरा' पडद्यावर आला. नौशाद यांनी त्यात अमीर खाँ आणि दत्तात्रेय विष्णु पलुस्कर या दोघांना समोरासमोर गायला बसवलं. अमीर खाँ म्हणजे खयालगायकीतलं भारदस्त नाव आणि पलुस्कर म्हणजे गांधर्व महाविद्यालयाच्या विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. ज्यांनी उभ्या जन्मात मैफलीची पायरी चढली नव्हती, अशी माणसं तिकीट काढून देसी रागातली जुगलबंदी ऐकत होती आणि घरी जाताना गुणगुणत होती.

त्याच वर्षी दिल्लीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमातल्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडत चालली आहे, हे त्यांचं ठाम मत होतं. काही महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. अमीर खाँ आणि पलुस्कर रेडिओवर खयाल गायले, तर ते राष्ट्राचं वैभव होतं. त्याच दोघांनी नौशादसाठी गायलेलं गाणं 'फिल्मी' या फायलीत गेलं.

केसकरांना अडाणी नोकरशहा ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. हा मराठी माणूस काशी विद्यापीठात शिकलेला होता, पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आला होता आणि स्वतः ध्रुपद शिकला होता. संस्थानं विलीन झाल्यामुळे गवयांचा आश्रय तुटला आहे, उत्तरेतलं शास्त्रीय संगीत मरणपंथाला लागलं आहे आणि आता सरकारच त्याचा राजा व्हायला हवं, अशी त्यांची मांडणी होती. जुलै १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४मध्ये रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं. शनिवारी रात्री खेड्यातल्या शाळामास्तरला फैयाज खाँच्या परंपरेतलं किंवा किराण्याचं गाणं घरबसल्या ऐकता येऊ लागलं, त्यामागे हे धोरण होतं. सारंगीवाले, तबलजी आणि तंबोरा छेडणारे यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. दहा वर्षं ते मंत्री राहिले आणि या काळात शास्त्रीय संगीताला जेवढं सरकारी पाठबळ मिळालं, तेवढं आधी कधी मिळालं नव्हतं.

अडचण पुढे होती. वरचं वाचवायचं तर खालचं दाबलं पाहिजे, असा हिशेब त्यांनी धरला. सिनेमाच्या गाण्यांना एकूण वेळेच्या दहा टक्क्यांपर्यंत आणायचं, तीही आधी तपासून घ्यायची आणि गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असं ठरलं. निर्मात्यांना रेडिओकडून खरा मोबदला मिळत होता तो या नावाच्या उच्चारातच. त्यांनी परवाने काढून घेतले आणि गाणी थांबली.

श्रोता मात्र थांबला नाही. त्याने रेडिओची सुई फिरवली आणि ती कोलंबोवर जाऊन टेकली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेलं लघुलहरींचं प्रक्षेपण केंद्र रेडिओ सिलोनच्या हाती आलं होतं आणि त्याचा आवाज अर्ध्या आशियात पोचत होता. डिसेंबर १९५२मध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज पुन्हा मुंबईतल्याच चाळीत उतरायचा. दिल्लीच्या धोरणाने एका परदेशी केंद्राला जाहिरातींचं उत्पन्न मिळवून दिलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू केली. गाणी परत आली, पण वेगळ्या दारातून. शास्त्रीय आणि लोकप्रिय यांची बिऱ्हाडं आता कायमची वेगळी झाली.

या वेगळ्या बिऱ्हाडांच्या काळात पुणे केंद्रावर एक गंमत घडली. सिनेमाला पर्याय म्हणून रेडिओने स्वतःचं 'सुगम संगीत' तयार करावं, असं दिल्लीचं म्हणणं होतं. पुण्यात सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. छप्पन्न गीतांची ती मालिका वर्षभर चालली आणि ऐकण्यासाठी लोक रेडिओला हार घालून बसू लागले. तिचे कवी ग. दि. माडगूळकर मराठी सिनेमाचे आघाडीचे कथा-गीतकार होते आणि संगीतकार सुधीर फडके सिनेमाचेच. गाणाऱ्यांत वसंतराव देशपांडे होते, माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकरही होत्या. सिनेमा टाळण्यासाठी आखलेल्या धोरणातलं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं यश सिनेमाच्या माणसांनी मिळवून दिलं. दिल्लीतल्या कुणी त्याला हरकत घेतल्याची नोंद नाही, कारण त्यावर 'फिल्मी' शिक्का नव्हता.

पायऱ्या कोणी बांधल्या

शास्त्रीय हे वरचं आणि बाकीचं खालचं, ही उतरंड फार पुरातन आहे असं वाटतं. आजच्या स्वरूपातली उतरंड मात्र शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्या बांधकामात मराठी माणसांचा हात मोठा आहे.

विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून देशभर हिंडले. ज्या उस्तादांकडून बंदिशी मिळतील त्यांच्याकडून त्यांनी त्या मिळवल्या, लिपिबद्ध केल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे ग्रंथ त्यांनी मराठीत, प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिले. १९१६मध्ये बडोद्याला त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उघडलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात आणलं. दोघांचे स्वभाव वेगळे, पद्धती वेगळ्या, एकमेकांविषयी फारसं सख्यही नव्हतं. परिणाम मात्र एकाच दिशेचा झाला. संगीताला अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, विशारद-अलंकार अशा पदव्या आल्या.

हे काम झालं नसतं तर शेकडो बंदिशी त्या त्या खाँसाहेबांबरोबर मातीत गेल्या असत्या. ज्या मुलींना गाणं शिकणं म्हणजे घराण्याला बट्टा होता, त्या मुली हार्मोनियमवर अलंकार घोटायला बसल्या, तेही या दोघांमुळे.

पण परीक्षा म्हटली की पेपर आला आणि पेपरात जे बसत नाही, ते हळूहळू संगीतच नाही असं वाटू लागलं. गायलेल्या रागापेक्षा लिहिलेलं लक्षण मोठं झालं. पिढ्यान्‌पिढ्या गाणारे, पण वादी-संवादीची व्याख्या न सांगता येणारे उस्ताद 'अशिक्षित' ठरले. १९५२नंतर रेडिओने कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी चाचण्या सुरू केल्या, तेव्हा त्यांची सूत्रं भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. आयुष्यभर मैफली गाजवलेल्यांना परीक्षकांपुढे बसावं लागलं. गाण्यासोबत शास्त्राची माहितीही तपासली जाऊ लागली आणि कलावंतांत मोठी नाराजी पसरली. रातंजनकर स्वतः उत्तम गायक आणि वाग्गेयकार होते, फैयाज खाँकडे शिकले होते. त्यांच्या अधिकाराबद्दल शंका नव्हती. गवयाची किंमत कागदावर ठरते, हे लोकांना सहन झालं नाही.

नाटकवाले

कागदावरच्या या पायऱ्या ज्यांच्या अंगाखांद्यावर उभ्या राहिल्या, ते कलावंत स्वतः कुठे वावरत होते, हे पाहिलं की चित्र पार बदलतं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. त्यातल्या चाली लावणीच्या होत्या, कीर्तनातल्या होत्या, साकी-दिंडीच्या होत्या, कानडी मुलखातून आलेल्या होत्या. १९११च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला, म्हणजे ज्या गाण्याला कोठीवरचं म्हणून नाक मुरडलं जायचं, ते गाणं नायिका भामिनीच्या तोंडी आलं. १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी खयालाच्या बंदिशींवर पदं बांधली. पस्तीस-छत्तीस वर्षांत नाट्यसंगीत लावणीपासून खयालापर्यंत पोचलं आणि सामान्य मराठी प्रेक्षक राग ओळखायला शिकला, तो थिएटरात बसून.

भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत काम करणारे बालनट. आवाज फुटला आणि नाटक सुटलं, म्हणून ते गाणं शिकायला बाहेर पडले. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली आणि पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. अहमदजान थिरकवा हे तबल्यातलं दैवत. पुढे पद्मभूषण मिळालेले हे खाँसाहेब अनेक वर्षं बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत पगारी साथीदार होते. कादरबक्षांची सारंगीही तिथेच वाजत होती.

अब्दुल करीम खाँचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर नाटकात गेले, तेव्हा गुरूंना ते रुचलं नाही. रामभाऊंनी नाटकात नाव कमावलं आणि त्या रंगभूमीनेच त्यांना 'सवाई गंधर्व' केलं. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मृतीसाठी पुण्यात सुरू केलेला महोत्सव आज अभिजात गाण्याची पंढरी मानला जातो. ज्या मंडपात जाणकार कानात प्राण आणून बसतात, तो मंडप एका नटाला मिळालेल्या टोपणनावाने ओळखला जातो.

बोलपट आला तसे हेच लोक तिकडे गेले. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त टेंबे हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचंच होतं. भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव एकीकडे 'रागसंग्रह'चे भाग छापत होते आणि दुसरीकडे प्रभातच्या 'माणूस', 'शेजारी' यांना चाली देत होते. केशवराव भोळे तर संगीतसमीक्षक. मोठमोठ्या गवयांच्या गाण्याची चिरफाड करणाऱ्या या माणसाने १९३६च्या 'संत तुकाराम'ला संगीत दिलं. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग इतका जमून आला, की जाणकारांनीही तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधला, असं सांगतात.

नाट्यसंगीताला त्या काळी 'खरं गाणं' न मानणारे पंडित होतेच. आज तेच नाट्यपद मैफलीच्या शेवटी भैरवीआधी घेतलं की श्रोते डोळे मिटतात आणि 'काय जुनं सोनं' म्हणतात. शंभर वर्षांत सोनं तेच राहिलं, त्याला जुनेपण आलं एवढाच फरक.

पेटीवरची बंदी

पायरी कशी सरकते हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते पेटीच्या गोष्टीत.

फ्रान्समध्ये जन्मलेली, मिशनऱ्यांबरोबर आलेली आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडीवर-जमिनीवर वाजवण्याजोगी केलेली हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घराघरांत शिरली. मराठी रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन डोक्यावर घेतले. सभ्य घरांना तिची सोय अशी, की सारंगीला कोठीचा वास होता आणि पेटीला नव्हता. टेंब्यांनी तर ती एकल वाद्य म्हणून मैफलीत नेली.

विद्वानांचं तिच्याविषयीचं मत वाईट होतं, आणि तक्रार निराधारही नव्हती. पेटीचे सूर ठरलेले, त्यांत मींड नाही, आणि पाश्चात्य पद्धतीने समान अंतरावर लावलेले ते स्वर आपल्या रागांतल्या सूक्ष्म श्रुतींशी जुळत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश असलेले क्लेमंट्स यांनी यावर उतारा म्हणून श्रुतींची पेटी बनवली. बडोद्याच्या परिषदेत तिच्यावरून बरीच वादावादी झाली. १९३८मध्ये दिल्ली रेडिओवरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमवरच झोड उठवली. रवींद्रनाथ टागोरही विरोधात होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम बंद झाली. हिंदुस्थानी संगीताचं शुद्धीकरण करण्यात एका इंग्रज संगीतकाराचा आणि राष्ट्रकवीचा सूर इतका सहज जुळला, हेही त्या काळाचं वैशिष्ट्य.

बंदी तीस वर्षं टिकली. या काळात गवई रेडिओवर सारंगीच्या साथीने गात आणि संध्याकाळी मैफलीत पेटीच्या साथीने. पु. ल. देशपांडे रेडिओत नोकरीला होते आणि खासगी बैठकीत त्यांचे हात पेटीवर फिरत होते. १९७१च्या सुमारास साथीपुरती मुभा मिळाली. पेटीचे सूर तोवर बदलले नव्हते. बदलले होते ते फायलीवर सही करणारे.

गोव्यातून आलेले आणि नाटक कंपनीत छोटा गंधर्वांना साथ करत घडलेले तुळशीदास बोरकर यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. आज पेटी अभ्यासक्रमात आहे, तिची शिबिरं होतात आणि तिच्यावर पीएच.डी. करता येते.

बायकांच्या वाट्याला आलेलं

पेटीला बंदीने काही दुखलं नाही, ते लाकूड होतं. उतरंडीची खरी किंमत मोजली ती गाणाऱ्या बायकांनी.

सरदार पटेल नभोवाणी खात्याचे प्रमुख असताना, ज्यांचं खासगी जीवन लोकांत बदनामीचा विषय आहे, अशांना रेडिओवर गाऊ देऊ नये, असा दंडक आला. ठुमरी, दादरा, कजरी जतन करणाऱ्या कोठीवरच्या कलावंतिणी त्याखाली आल्या. गंमत अशी की रेडिओ सुरू झाला तेव्हा माइकसमोर गायला तयार असणाऱ्या स्त्रिया जवळजवळ त्याच होत्या. त्यांच्या ठुमऱ्या पुढे घरंदाज मुलींनी शिकून परीक्षांत म्हटल्या, शृंगाराचे शब्द जरा धुऊन-पुसून.

महाराष्ट्र-गोव्यात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेने घडली. मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कुर्डी गावच्या. त्या लहान वयात नाटक मंडळीत दाखल झाल्या आणि पुढे अल्लादिया खाँच्या गंडाबंध शिष्या झाल्या. जयपूर-अत्रौली घराण्याची ही तालमीतली कठोर गायिका. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी १९६४मध्ये 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी शीर्षकगीत म्हटलं, तेव्हा ते आईला अजिबात मानवलं नाही. नाटकाच्या तंबूतून वर आलेल्या बाईला लेकीचा सिनेमा खुपावा, यात विसंगती दिसते. पण जिने स्वतःची प्रतिष्ठा एकेक तान घासून मिळवली, तिला ती परत पणाला लावायची धास्ती वाटणारच. किशोरीताईंनी नंतर अनेक वर्षं सिनेमाकडे पाठ फिरवली आणि १९९०च्या 'दृष्टी'चं संगीत मात्र स्वतः केलं.

केरी गावच्या केसरबाई केरकर याच परंपरेतल्या, आणि त्यांचा करारीपणा तर दंतकथेचाच विषय. १९७७मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात त्यांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर बाख आहे, बीथोव्हन आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. चक बेरीच्या समावेशाला लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी हरकत घेतली होती, हे संगीत पोरकट आहे म्हणून. पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत, अशा आशयाचं उत्तर कार्ल सेगन यांनी दिलं. केसरबाईंना हे शेजारपण विचारलं गेलं असतं, तर त्यांनी काय म्हटलं असतं याची कल्पना करणं अवघड नाही.

लावणीला इतकंही नशीब लाभलं नाही. बैठकीची लावणी बसून, अदा करत गायची. त्यात रागांग असतं, लयीची कारागिरी असते आणि एकाच ओळीचे भाव बदलत नेणं ठुमरीइतकंच बारीक असतं. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कोल्हाटी समाजातल्या गायिकेला १९९५मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२मध्ये पद्मश्री. कथ्थकच्या बिरजू महाराजांना ज्या अदेचं कौतुक वाटायचं, तीच अदा फडावर असली की सुशिक्षित माणूस मुलाबाळांना घेऊन तिथे जात नसे. ठुमरी आणि बैठकीची लावणी यांच्या घडणीत जेवढं अंतर आहे, त्याहून कितीतरी जास्त अंतर त्या गाणाऱ्यांच्या जातींत होतं, आणि अभ्यासक्रमाने ते अंतर संगीताचं म्हणून नोंदवलं.

कान कोणी बिघडवले

गवयांकडून या सोवळ्याला सर्वांत मार्मिक उत्तर दिलं कुमार गंधर्वांनी, आणि तेही लता मंगेशकरांवरच्या एका लेखात. चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले, हा आरोप त्यांनी उलटवला. लोकांचे कान सुधारले ते याच गाण्यांनी, असं त्यांनी मांडलं. घराघरातलं पोर आता सुरात गुणगुणतं, याचं श्रेय त्यांनी लताबाईंना दिलं. तीन-साडेतीन मिनिटांचं चांगलं गाणं आणि तीन तासांची मैफल यांचं कलामूल्य एकाच तराजूत तोलता येतं, हेही त्यांनी सांगितलं. शास्त्रीय गायकांनी कर्मकांडाला नको तेवढं महत्त्व दिलं आहे, ही बोचणारी टीकाही त्यात आहे. बोलणारा माणूस घराण्यांच्या चौकटी मोडणारा, पण शास्त्र कोळून प्यायलेला, त्यामुळे त्याला 'तुम्हांला काय कळतं' असं म्हणायची सोय नव्हती. हा लेख आज शालेय अभ्यासक्रमात शिकवला जातो.

लताबाईंचं घरही या दोन बिऱ्हाडांच्या उंबरठ्यावरचंच. वडील मास्टर दीनानाथ मंगेशीचे, बलवंत संगीत मंडळीचे गायकनट. भाऊ हृदयनाथ अमीर खाँचे शिष्य. श्रीनिवास खळ्यांनी १९८५मध्ये भीमसेन आणि लता यांना 'राम श्याम गुणगान'मध्ये एकत्र गायला लावलं, तेव्हा कोण वर आणि कोण खाली, हा प्रश्न श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात आला नाही. भीमसेनांनी त्याआधी, १९५३मध्ये, पुलंच्या 'गुळाचा गणपती'साठी गायलं होतंच.

तुच्छता दोन्ही बाजूंनी चालते, हेही सांगायला हवं. हिंदी सिनेमाने शास्त्रीय गवयाला विदूषक करून ठेवलं. मन्ना डे यांचं नशीब या दृष्टीने पाहण्याजोगं आहे. १९५६च्या 'बसंत बहार'मध्ये कथेच्या गरजेपोटी त्यांना गाण्यात भीमसेन जोशींना हरवावं लागलं, आणि या कल्पनेनेच ते हादरले होते. बारा वर्षांनी 'पडोसन'मध्ये शास्त्रीय तालीम घेतलेल्या याच मन्ना डे यांना किशोरकुमारांकडून हरावं लागलं. कर्नाटक संगीताच्या शिक्षकाची वेशभूषा, त्याची शेंडी, त्याच्या ताना सगळी थट्टा. प्रेक्षकांनी दोन्ही गाणी डोक्यावर घेतली.

सहा खाने, एक पातळी

विद्यापीठातल्या एका माणसाने मात्र उतरंडच मोडायचा प्रयत्न केला. अशोक दामोदर रानडे (१९३७–२०११) मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक. स्वतः खयाल शिकलेले, आवाजशास्त्राचे जाणकार. 'शास्त्रीय आणि बाकीचं' या दोन ढिगांऐवजी त्यांनी संगीताचे सहा वर्ग मांडले: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. जनसंगीतात सिनेमाचं गाणं बसतं. प्रत्येक वर्गाची स्वतःची निकड असते, स्वतःचे श्रोते आणि स्वतःचे निकष असतात. लावणीला खयालाच्या पट्टीने मोजायचं नाही आणि खयालाला टाळ्यांच्या पट्टीने. फरक नाकारायचा नाही, फक्त फरकाला शिडी लावायची नाही, हा त्यांचा मुद्दा.

त्यांनी तो नुसता वर्गात सांगितला नाही. लोकसंगीतावर ग्रंथ लिहिला, महाराष्ट्राच्या रंगभूमीसंगीताचा अभ्यास केला, बैठकीच्या लावणीचा कार्यक्रम उभा केला आणि २००६मध्ये हिंदी चित्रपटगीतावर चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पंकज मलिकांपासून आर. डी. बर्मनांपर्यंत संगीतकारांची तीच काटेकोर तपासणी आहे, जी पूर्वी फक्त घराण्यांच्या वाट्याला येत असे. कौतुक आहे तसेच दोषही नोंदवलेले आहेत. लोकप्रिय गाण्यावर टीका करण्यासाठी आधी त्याचा अभ्यास करावा लागतो, एवढी साधी शिस्त त्या ग्रंथाने घालून दिली.

मुंबई विद्यापीठात आज लोककला अकादमी आहे आणि तिथे तमाशा, लावणी, जागरण, गोंधळ यांचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ती संगीत विभागापासून वेगळी आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, नृत्य आणि संगीत एका छपराखाली आले. २०१५मध्ये 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला, तेव्हा १९६७च्या नाटकातली संगीतकार अभिषेकीबुवांची पदं कॉलेजातल्या मुलांच्या मोबाइलवर वाजू लागली. या चित्रपटातल्या गाण्यासाठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमेरिकेत राहून तिथल्या मुलांना गाणं शिकवणारा हा अभिषेकीबुवांचा शिष्य घराघरांत माहीत झाला तो सिनेमामुळे. क्लासमध्ये नाव घालायला येणारे पालक 'कट्यारमधलं गाणं शिकवाल ना?' असं विचारू लागले, आणि गुरुजींना आधी भूप-यमन घोटून घ्यायला आयतं निमित्त मिळालं.

कागदावरची रेषा मात्र अजून ठळक आहे. संगीताचा प्राध्यापक व्हायचं तर सहसा विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा द्यावी लागते. तिच्या संगीत विषयात हिंदुस्थानी, कर्नाटक आणि तालवाद्य यांच्याबरोबर रवींद्रसंगीताला स्वतंत्र विभाग आहे. बंगालने आपल्या कवीचं गाणं संस्था उभारून, स्वरलिपी छापून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तिथवर नेलं. किर्लोस्कर, टेंबे, भास्करबुवा, मास्तर कृष्णराव, अभिषेकी अशी सव्वाशे वर्षांची सलग परंपरा असलेल्या नाट्यसंगीताला तिथे स्वतंत्र विभाग नाही, लावणीला नाही आणि चित्रपटसंगीताला तर नाहीच. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी पुण्या-मुंबईत विखुरलेल्या आहेत: जुन्या कंपन्यांच्या वह्या, तीन मिनिटांच्या तबकड्या, रेडिओच्या फिती, साथीदारांच्या तोंडी राहिलेल्या जागा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीपुढे कुणीतरी हे सगळं रीतसर गोळा करून ठेवल्याशिवाय तिथली विषयपत्रिका बदलणार नाही.